‘काही करत नाही तो’ म्हणायच्या आधी: नागपुरात कुत्रा घेऊन बाहेर पडणाऱ्यांसाठी

त्रिमूर्ती नगरात आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक पोट्टा उभा होता, सहा-सात वर्षांचा, हातात कागदात गुंडाळलेली कचोरी. आमचा गोट्या तेव्हा वर्षभराचा, अर्धा लॅब अर्धा गावठी, पंचवीस किलोचा धिप्पाड गडी, पट्टा माझ्या हातात होता पण डोळे मोबाइलमध्ये होते. एका झटक्यात कचोरी गेली, पोट्टा बदकन खाली बसला आणि गुडघा खरचटला. दात लागला नाही, नखसुद्धा लागलं नाही, आणि मी काय म्हटलं असेल? जे आपण सगळे म्हणतो तेच. "काही करत नाही हो तो."

पोट्ट्याचे आबाजी मागून आले, नातवाला उचललं, चड्डी झटकली आणि शांतपणे म्हणाले, "हे तुले माहीत आहे. याले माहीत होतं काय?"

त्याला चार वर्षं झाली. आपल्या कुत्र्याबद्दल आपल्याला जे माहीत असतं ते समोरून येणाऱ्याला माहीत नसतं आणि माहीत करून घ्यायची त्याच्यावर सक्तीही नाही, एवढं एक डोक्यात बसलं की बाकीच्या सवयी आपोआप लागतात. खाली जे लिहून राहिलो ते सगळं त्यातूनच आलं, काही डॉक्टरांनी सांगितलं, काही गोट्याने शिकवलं, काही चार लोकांच्या शिव्या खाऊन कळलं.

आधी घरातलं आटपा

पिल्लू आणलं की लोक दुसऱ्याच दिवशी त्याला गल्लीत मिरवायला नेतात. नका नेऊ. साधारण सहा ते आठ आठवड्यांपासून डिस्टेंपर, पार्व्हो वगैरे जीवघेण्या आजारांची एकत्रित लस सुरू होते, तीन-चार आठवड्यांच्या अंतराने तिचे बूस्टर असतात सोळा आठवड्यांच्या वयापर्यंत, आणि रेबीजची लस तीन महिन्यांच्या सुमारास, मग दरवर्षी. शेवटच्या डोसनंतर आठ-दहा दिवस होईपर्यंत रस्त्यावरच्या मातीत पाय टेकवायचा नाही, कारण पार्व्होचा व्हायरस मातीत महिनोन्‌महिने टिकतो आणि कोणता कुत्रा कुठे काय करून गेला ते आपल्याला कळत नाही.

पण इथे एक गोम आहे. पिल्लाचं मन तीन आठवड्यांपासून साधारण चौदा आठवड्यांपर्यंतच सगळ्यात उघडं असतं, त्या काळात जे पाहिलं-ऐकलं ते त्याला आयुष्यभर साधं वाटतं आणि जे नाही पाहिलं त्याला ते घाबरतं नाहीतर भुंकतं. म्हणजे घरात कोंडूनही चालत नाही. मग कडेवर घ्या. आम्ही गोट्याला एका जुन्या टॉवेलात गुंडाळून रोज संध्याकाळी शंकर नगर चौकापर्यंत न्यायचो, ऑटोचा आवाज, सिटी बसचा हॉर्न, हेल्मेट घातलेला माणूस, काठी टेकत चालणारी आजी, छत्री, कचरागाडीचं गाणं, सगळं दाखवायचं, जमिनीवर मात्र सोडायचं नाही. आज कचरागाडी आली की तो उठतही नाही.

लसीचं कार्ड जपून ठेवा आणि त्याचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा, पुढे लागेल. जंताचं औषध डॉक्टर सांगतील त्या अंतराने. मनपाकडे पाळीव कुत्र्याची नोंदणी करायची असते, आपल्या झोन ऑफिसात जाऊन काय कागद लागतात ते विचारून घ्या आणि तो कंटाळा एकदाचा उरकून टाका. कॉलरला फोन नंबरचा बिल्ला, हे तर लसीइतकंच महत्त्वाचं, दिवाळीत पळालेले निम्मे कुत्रे बिल्ला नसल्यामुळेच भटकत राहतात असं मला तरी वाटतं. डॉक्टर कोणता हा प्रश्न असेल तर गल्लीतल्या क्लिनिकशिवाय सेमिनरी हिल्सवर व्हेटर्नरी कॉलेजही आहे, तिथे तपासतात. नसबंदीचंही डॉक्टरांशी बोलून ठरवा, कारण माजावर आलेली मादी घेऊन फिरायला निघालात तर अख्ख्या वस्तीची मिरवणूक मागे लागते.

आणि शब्द. घरातल्या सगळ्यांनी बसून ठरवा की कुत्र्याशी कोणत्या भाषेत बोलायचं. हसू नका, आपल्याकडे ही खरीच भानगड आहे, आयुष्यभर वऱ्हाडीशिवाय काही न बोललेली माझी आई कुत्र्याशी एकदम इंग्रजीत सुरू झाली, "गोट्या, सिट डाऊन!", बाबा हिंदीत "बैठ", बहीण "बस रे बाळा", आणि तो बिचारा तिघांच्या तोंडाकडे पाहत उभा. आता चारच शब्द आहेत: बस, थांब, सोड, इकडे. ‘सोड’ सगळ्यात आधी शिकवा. एका मुठीत खाऊ ठेवायचा, तो हुंगेल, चाटेल, पंजा मारेल, काही करू द्या, ज्या क्षणी तो नाक मागे घेईल त्या क्षणी ‘सोड’ म्हणायचं आणि दुसऱ्या हातातून दुसरा तुकडा द्यायचा. मुठीतला नाही द्यायचा, तो त्याचा नाहीच हे कळायला हवं. रोज पाच मिनिटं, पंधरा-वीस दिवस. मी हे कचोरीनंतर शिकवलं, तुम्ही आधी शिकवा.

पट्टा

चार ते सहा फुटांचा साधा नायलॉनचा किंवा कापडी पट्टा घ्या. कॉलर आणि मान यांच्यात दोन बोटं गेली पाहिजेत, तिसरं जाऊ नये. ओढणारा कुत्रा असेल तर हार्नेस, म्हणजे छातीभोवती बांधायचा पट्टा, बरा, गळ्यावर ताण येत नाही. लोखंडी साखळी आपल्याकडे अजूनही लोकांना रुबाबदार वाटते, पण मे महिन्यात ती साखळी दहा मिनिटं उन्हात ठेवून स्वतःच्या गळ्याला लावून पाहा. बटण दाबलं की लांब होणारा तो रिट्रॅक्टेबल पट्टा मात्र गावातल्या रस्त्यांवर अजिबात नको, पंधरा फूट दोरी सुटलेली असते, मधून स्कूटी जाते, आणि त्या बारीक दोरीने हात कापल्यावर तुमच्याच हातून ती सुटते.

मनगटात लूप अडकवा, पंज्यावर गुंडाळू नका, मोठा कुत्रा एकदम धावला तर बोटं मोडतात.

मझलबद्दल, म्हणजे तोंडावर घालायच्या मुसक्याबद्दल, एकच. चावायची सवय असेल, डॉक्टरकडे न्यायचं असेल, गर्दी असेल तर जरूर घाला पण जाळीचा, टोपलीसारखा, ज्यात त्याला तोंड उघडून धापा टाकता येतात आणि पाणी पिता येतं. तोंड आवळून बांधणारा कापडी मझल घालून उन्हात फिरवणं म्हणजे कूलर बंद करून खोलीला कुलूप लावण्यासारखं आहे, कारण कुत्र्याला आपल्यासारखा घाम येत नाही, तो जिभेनेच थंड होतो.

आणि कृपा करून ॲक्टिव्हावर बसून कुत्र्याला बाजूने पळवू नका. रोज पहाटे दिसतात असे भाऊ. कुत्रा थांबू शकत नाही, शी लागली तरी थांबू शकत नाही, समोरून दुसरा कुत्रा आला की तुम्ही, गाडी आणि तो तिघंही नालीत. आठ-दहा वर्षांच्या पोट्ट्यांच्या हातातही एकट्या मोठा कुत्रा देऊ नका, कौतुक असतं मान्य, पण तो ओढायला लागला तर पोरगं पट्टा सोडेल नाहीतर फरपटेल.

लिफ्ट, जिना, सोसायटी

फ्लॅट स्कीममध्ये भांडणं लिफ्टवरूनच होतात. भारतीय पशु कल्याण मंडळाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचना आहेत, त्यानुसार सोसायटी कुत्रा पाळायला सरसकट बंदी घालू शकत नाही, लिफ्ट वापरू नका असंही म्हणू शकत नाही. हा कागद तुमच्या बाजूने आहे. पण तो खिशात ठेवा, रोज तोंडावर फेकू नका. लिफ्टचं दार उघडलं आणि आत कोणी असेल तर "तुम्ही जा, आम्ही पुढच्याने येतो" एवढं म्हणायला अर्धा मिनिट जातो. आत गेल्यावर कुत्रा कोपऱ्यात, तुम्ही त्याच्या आणि दाराच्या मध्ये, म्हणजे चौथ्या मजल्यावर दार अचानक उघडलं तरी आधी तुमचे पाय दिसतात, त्याचं तोंड नाही. आमच्या वरच्या मजल्यावर एक वहिनी आहेत, लहानपणी कुत्रा चावलेला, पोटात घेतलेली ती इंजेक्शनं त्यांना अजून आठवतात, त्यांच्यासोबत मी कधीच लिफ्टमध्ये जात नाही, गोट्या कितीही गुणी असला तरी.

भुंकण्याचं वेगळं. दिवसभर बाल्कनीत एकटा बांधलेला कुत्रा भुंकणारच, त्याचं काम तेच उरतं. १९६० च्या प्राण्यांवरील क्रूरता प्रतिबंधक कायद्यात कुत्र्याला कायम बांधून किंवा कोंडून ठेवून त्याला व्यायाम न देणं हा सरळ गुन्हा धरलाय, हे फार कमी मालकांना ठाऊक असतं. शेजाऱ्याने तक्रार केली तर आधी स्वतःला विचारा की आज तो किती चालला.

शी

आता मुद्द्याचं. "मातीत मिसळून जाते, खत होते", "रस्त्यावरचे कुत्रे करतातच की", "शेण चालतं, मग हे काहून नाही चालत", हे तिन्ही मी स्वतः म्हटलेले आहेत म्हणून उत्तरही देतो. गाय गवत खाते, कुत्रा मटण, अंडी, पेडिग्री खातो, त्याच्या विष्ठेत गोलकृमीची अंडी असू शकतात, ती मातीत महिनोन्‌महिने जिवंत राहतात आणि त्या मातीत खेळणाऱ्या लेकरांच्या नखांतून पोटात जातात. हुकवर्म नावाच्या जंताच्या अळ्या तर अनवाणी पायाच्या कातडीतूनही शिरतात. आपल्याकडे लोक सकाळी गवतावर मुद्दाम अनवाणी चालतात, डोळ्यांना चांगलं असतं म्हणून. विचार करा.

उचलायचं कसं ते आता सवयीचं झालंय, तरी सांगतो. घरून निघताना खिशात दोन पिशव्या आणि जुन्या पेपरचं एक पान, दोन पिशव्या यासाठी की गुणी कुत्राही कधी कधी दोनदा बसतो. गोल गोल फिरायला लागला, जमीन हुंगायला लागला, पाठ कमानीसारखी झाली की पेपर मागून सरकवायचा, सवय झाली की तो पेपरवरच करतो आणि रस्त्याला लागतच नाही. नाही जमलं तर पिशवी हातात मोज्यासारखी उलटी घालायची, उचलायची, पिशवी सुलटी करायची, गाठ. संपलं, पंधरा सेकंद. पातळ झाली असेल तर बाजूची कोरडी माती नाहीतर वाळू टाकायची, एक मिनिट थांबायचं, मग पेपरच्या पुठ्ठ्याने खरवडून घ्यायची आणि उरलेल्यावर पाणी. आणि पातळ होऊन राहिली असेल तर तिचा फोटो काढून डॉक्टरांना दाखवा, लाजू नका, त्यांना तेच हवं असतं.

टाकायची कुठे? पिशवी बांधून घरी आणायची आणि कचरागाडीत वेगळी द्यायची, दादाला सांगून, भाजीच्या ओल्या कचऱ्यात कोंबून नाही. पेपरशिवाय असेल तर घरच्या संडासात टाकून फ्लश करणंही ठीक. कुंडीच्या कंपोस्टमध्ये मात्र अजिबात नको, त्यात मेथी-कोथिंबीर लावणार असाल तर. आणि पिशवी बांधून झाडाच्या बुंध्याशी ठेवून जाणारे जे आहेत, त्यांना मला एकदा भेटायचंय. शी दोन दिवसांत वाळली असती, पिशवीने ती महिनाभर टिकवली.

लघवीचं कोणी बोलत नाही पण गेटसमोरची रांगोळी, दुकानाचं शटर, भाजीवालीच्या टोपल्या, दुसऱ्याच्या गाडीचं चाक, यावर पाय वर केला की भांडण तिथेच. निघाल्या निघाल्या पहिल्या दोन मिनिटांत त्याला एखाद्या रिकाम्या प्लॉटच्या कडेला न्या, तिथे मोकळा होऊ द्या, मग वस्तीत शिरा. अर्ध्या लिटरची पाण्याची बाटली सोबत ठेवा, चुकलं तर लगेच ओता. बाटली हातात दिसली तरी लोकांचा चेहरा बदलतो, मी पाहिलंय.

समोरून माणूस येतोय

समोरून कोणी येताना दिसलं की, दहा-बारा पावलं आधीच, पट्टा आखूड करा, कुत्रा आपल्या दुसऱ्या बाजूला घ्या म्हणजे मध्ये तुम्ही येता, रस्ता अरुंद असेल तर सरळ कडेला होऊन ‘बस’ म्हणा आणि त्यांना जाऊ द्या. मागून धावत येणारे, सायकलवाले, काठीवाले, ओढणी-पदर उडणाऱ्या बाया, डबा घेऊन शाळेत चाललेली पोरं, यांच्यासाठी जरा जास्त जागा. लॉ कॉलेज चौकाकडून फुटाळा तलावापर्यंत सकाळी चालणाऱ्यांची केवढी गर्दी असते, त्यात प्रत्येकाला कुत्रा आवडतोच असं नाही, कोणी देवळात चाललेला असतो आणि त्याला कुत्र्याचा स्पर्श नको असतो, कोणाला दम्याचा त्रास असतो, कोणाला नुसती भीती. कारण विचारायचं नाही. ते थबकले की तुम्ही बाजूला व्हायचं.

कोणी हात लावायला आलं तर तेही लगेच नाही. लेकरू धावत आलं तर आधी तुम्ही हात पुढे करून त्याला थांबवा, आईबाबांना विचारा, मग कुत्र्याकडे पाहा. त्याने तोंड फिरवलं, ओठ चाटले, जांभई दिली, डोळ्याचं पांढरं दिसायला लागलं, अंग ताठ झालं तर उत्तर नाही असं आहे, आणि ते तुम्ही बोलून दाखवायचं, "आज त्याचा मूड नाही बाळा." शेपूट हलतेय म्हणजे खूश आहे हे अर्धसत्य आहे, उंच धरलेली, ताठ, भरभर थरथरणारी शेपूट ही धमकी असते. तयार असेल तर छातीवर किंवा खांद्यावर हात, डोक्यावरून नको, मिठी तर नकोच. तीन सेकंद आणि बंद, परत मागायला आला तर पुन्हा.

कचोरीवाला पोट्टा आता दहा-अकराचा आहे. रस्ता ओलांडूनच येतो पण अजून लांबून ओरडतो, "आधी बसव त्याले!"

बागेत जायचं तर गेटवरचा बोर्ड वाचा, नाही म्हटलं असेल तर नाही, चौकीदाराशी वाद घालून काही होत नाही, तो त्याची नोकरी करून राहिलाय. पट्टा न काढणं हे सगळीकडेच. मोकळं मैदान दिसलं की आपल्यालाच मोह होतो, पण ‘इकडे’ म्हटल्यावर दुसरा कुत्रा, मांजर आणि भुट्टेवाला तिघं समोर असतानाही जो दहापैकी दहा वेळा परत येतो तोच कुत्रा सोडण्यालायक, आणि असा मी अजून पाहिला नाही. संध्याकाळी फुटाळ्याच्या चौपाटीवर तर नेऊच नका, रेटारेटी, गरम तवे, खाली पडलेली हाडं आणि काड्या, त्याला मजा नाही आणि लोकांनाही नाही. पहाटे न्या.

गोरेवाडा, अंबाझरीच्या मागचा झाडोरा, पेंचकडची फार्महाऊसं, इथे जंगलाच्या कडेला कुत्रा नेताना एक ध्यानात ठेवा की आपल्या कुत्र्याचे आजार रानातल्या प्राण्यांना लागतात. २०१८ मध्ये गीरमध्ये सिंह मेले तेव्हा त्यांच्यात कॅनाइन डिस्टेंपरचाच व्हायरस सापडला होता. वाघाच्या इलाक्यात राहतो आपण.

गल्लीतले कुत्रे

प्रत्येक गल्लीची आपली एक टोळी असते आणि तिची हद्द ठरलेली. रोज एकाच रस्त्याने, एकाच वेळी जा, महिनाभरात ते तुम्हाला ओळखतात आणि फक्त नावापुरते भुंकतात. टोळी अंगावर आली तर पळायचं नाही, आपला कुत्रा मागे, तोंड त्यांच्याकडे, हळूहळू मागे सरकत हद्दीबाहेर. नुसतं खाली वाकून दगड उचलल्यासारखं केलं तरी आपल्याकडचे कुत्रे दहा पावलं मागे जातात, मारायची गरज पडत नाही, मारूही नका. छोटा पग-शिट्झू असेल तर घाबरून डोक्यावर धरू नका, ते उडी मारतात आणि तुमच्या हाताला लागतं, छातीशी धरून पाठ वळवा.

खायला घालायचं असेल तर विषय नाजूक आहे, नागपुरात तर जास्तच. ऑक्टोबर २०२२ मध्ये हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठाने म्हटलं होतं की ज्यांना खायला घालायचंय त्यांनी कुत्रे दत्तक घ्यावे, त्यातल्या काही भागाला पुढच्याच महिन्यात सुप्रीम कोर्टाने स्थगिती दिली. २०२३ चे एबीसी, म्हणजे प्राणी जन्म नियंत्रणाचे, नियम म्हणतात की खाऊ घालायची जागा ठरवा, लेकरांच्या खेळण्यापासून, जिन्यापासून, येण्याजाण्याच्या दारापासून लांब, आणि २२ ऑगस्ट २०२५ च्या आदेशातही सुप्रीम कोर्टाने ठरलेल्या जागीच, रस्त्यावर कुठेही नाही, असं सांगितलं. तेव्हा रात्रीची उरलेली पोळी दुसऱ्याच्या गेटसमोर फेकून पुण्य कमावू नका. जागा ठरवा, भांडं न्या, खाऊन झालं की भांडं उचला. पाण्याचं कुंडं ठेवलं तर रोज घासा, नाहीतर त्यात डेंग्यूचे डास होतात.

ऊन

आपल्या गावात हा वेगळाच धडा. मे २०१३ मध्ये इथे पारा ४७.९ वर गेला होता आणि ४५ तर बऱ्याच वर्षी होतंच. हवा ४५ म्हणजे डांबर त्याहून किती तरी जास्त. आपल्या हाताच्या पंज्याची उलटी बाजू रस्त्यावर टेकवा आणि सात मोजा, नाही ठेवता आलं तर त्यालाही नाही चालता येत. एप्रिल ते जूनच्या पावसापर्यंत आम्ही पहाटे पाच-साडेपाचला निघतो आणि रात्री नऊनंतर, दुपारी फक्त गेटपर्यंत, सावलीत. सिमेंट रोड रात्री आठलाही तापलेले असतात, हात लावून पाहा.

ऊन लागल्याची खूण म्हणजे थांबतच नाही अशी धाप, घट्ट लाळ, लालभडक हिरड्या, चालताना झोकांड्या. कुत्र्याचं नेहमीचं तापमान १०१ ते १०२.५ फॅरनहाइट, १०४ च्या वर गेलं की वाट पाहायची नाही. सावलीत घ्या, पोटावर, जांघेत, पंज्यांवर साधं पाणी ओता, बर्फाचं नको, पंखा किंवा कूलर समोर लावा, थोडं थोडं पाणी प्यायला द्या, जबरदस्तीने ओतू नका, आणि ओल्या अंगानेच डॉक्टरकडे. चपट्या नाकाचे पग, बुलडॉग यांना हे सगळ्यात लवकर होतं. आणि हस्की. नागपुरात हस्की पाळणाऱ्यांना मी काही म्हणणार नाही, त्यांचं लाइटबिलच त्यांना म्हणत असेल. काचा दोन बोटं खाली ठेवून कारमध्ये ‘पाच मिनिटं’ सोडून जाणं हे उन्हाळ्यात कधीच नाही, हिवाळ्यातल्या दुपारीही नाही.

सण, वरात आणि पाऊस

दिवाळीचं सगळे सांगतात, खिडक्या बंद, पंखा जोरात, फिरवणं फटाक्यांच्या आधी दुपारी चारलाच. पण आपल्याकडची खरी परीक्षा तान्ह्या पोळ्याला असते. लाकडी बैल घेऊन, सजूनधजून पोट्टे घरोघरी बोजारा, म्हणजे खाऊ-पैसे, मागायला येतात, कोणाचं पोट्टं कोणाच्या घरी काही नेम नाही, दर पाच मिनिटांनी गेट वाजतं आणि बैलाला चाकं असतात, ज्याच्यामागे कुत्रा हटकून धावतो. त्या दिवशी सकाळपासून कुत्रा आतल्या खोलीत, दार लावून, चघळायला काहीतरी देऊन, आणि बोजारा गेटवर तुम्ही स्वतः द्यायचा. त्याच दिवशी महाल-इतवारीकडे मारबतीची, म्हणजे मोठाल्या पुतळ्यांची, मिरवणूक निघते, ढोल, बडगे, हजारो लोक, त्या बाजूला कुत्रा घेऊन जायचंच नाही. वरातीच्या डीजेचंही तेच, आवाज लांबून आला की गल्ली बदला.

पावसात गोचीड तपासा, कानाच्या आत, बोटांच्या बेचक्यात, शेपटीखाली, गोचिडाच्या तापाने चांगले धडधाकट कुत्रे बसतात. साचलेल्या पाण्यातून नेऊ नका, लेप्टो, म्हणजे लेप्टोस्पायरोसिस, होतो आणि तो माणसालाही होतो. आणि तळमजल्यावर राहत असाल तर रात्री कधीच बांधून ठेवू नका. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओव्हरफ्लो झाला आणि नाग नदीकाठच्या वस्त्यांत लोक झोपेत असतानाच पाणी घरात शिरलं. बांधलेल्या जनावराला अशा वेळी कुठे जाता येत नाही.

चुकलंच तर

कितीही सांभाळलं तरी एखाद दिवशी दात लागतो. तेव्हा पहिलं वाक्य ‘काही करत नाही तो’ नाही आणि ‘तुम्हीच डिवचलं’ हेही नाही. पहिलं काम पाणी. कुत्रा गेटला नाहीतर झाडाला बांधा आणि जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवा, घड्याळ लावून, पंधरा मिनिटं फार लांब वाटतात आणि लोक दोन मिनिटांत थांबतात. हळद, चुना, तिखट काही नाही लावायचं, घट्ट पट्टीही नाही. मग तुमच्याच गाडीत बसवून मेडिकल, मेयो ही सरकारी हॉस्पिटलं किंवा जे जवळ असेल ते. आपल्या कुत्र्याला लस दिलेली आहे हे डॉक्टरांना सांगा, कार्डाचा फोटो दाखवा, पण लस द्यायची की नाही हे डॉक्टर ठरवतील, तुम्ही नाही, कारण रेबीजची लक्षणं एकदा दिसली की माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही. दंडातली इंजेक्शनं साधारण ०, ३, ७, १४ आणि २८ व्या दिवशी असतात, कातडीतली असतील तर वेळापत्रक थोडं वेगळं, आणि जखम खोल असेल, रक्त आलं असेल तर जखमेत इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे रेबीजविरुद्धची तयार प्रतिपिंडं, हेही द्यावं लागतं. आता पोटात चौदा इंजेक्शनं वगैरे काही नाही, हे घाबरलेल्या माणसाला सांगा. खर्च तुमचा, पाचही वेळचा, न मागता.

कायद्याचंही ठाऊक असू द्या. भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ प्रमाणे आपल्या जनावरामुळे दुसऱ्याच्या जिवाला धोका किंवा गंभीर इजा होऊ नये याची पुरेशी काळजी मालकाने घेतली नाही तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. पट्टा कुठे होता, मझल होता का, हे तेव्हा विचारलं जातं.

त्यानंतर कुत्रा दहा दिवस घरात, नजरेसमोर. कोणाला देऊन टाकू नका, गावाला पाठवू नका, कारण तो दहा दिवस ठणठणीत राहिला तर चावला त्या वेळी त्याच्या लाळेत रेबीज नव्हता हे कळतं, आणि तो दिसलाच नाही तर समोरच्या माणसाला धास्तीत राहावं लागतं. जेवण सोडलं, आवाज बदलला, अंधारात जाऊन बसला, मागचे पाय ओढायला लागला तर लगेच डॉक्टर, स्वतः तोंडात हात घालून पाहायचं नाही. आणि रोज सकाळी त्या घरी एक फोन. "काकू, आज जेवला तो, पाणी प्यायला, बरा आहे. तुमचा हात कसा आहे? तिसरं इंजेक्शन परवा आहे ना, मी नऊ वाजता गाडी घेऊन येतो."